जानापावचे छत्तीस दगड

इंदूर, २८ नोव्हेंबर १९५३

रघुवीरजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तसंच बाजूला ठेवलं नसेल, तर एवढं वाचून संपवा. बालाघाटचा पत्ता तुमच्या काकूंनी दिला. भाजीबाजारात भेटल्या होत्या. तुम्ही मँगनीजच्या खाणीवर मोजणीचं काम करता आणि प्रकृती ठीक आहे, इतकंच त्या बोलल्या. जास्त विचारायचा धीर मला झाला नाही.

पत्राचं कारण शरदचं पुस्तक. तो जानापाव डोंगरावर पुस्तक लिहितो आहे, शाळेतल्या मुलांनाही समजेल असं. छापखानेवाले शंकरराव छापायला तयार आहेत. शरदचे डोळे आता अधू झालेत. वहीत नाक खुपसून लिहितो, तरी ओळी एकमेकींवर चढतात. म्हणून त्याचं लिहिलेलं मी स्वच्छ उतरवून काढते. शाळेतून आले की दिवे लागेपर्यंत दोन पानं होतात. घरात आम्ही दोघं भावंडंच. त्यानं लग्न केलं नाही. मी होते तशीच आहे, फक्त आता आपल्या गल्लीतल्या मुलींना चौथीचं गणित शिकवते.

तुम्ही दोघं ओट्यावर बसून डोंगराविषयी तासन्‌तास बोलत असायचात. मी चहा ठेवून आत जायची. ऐकू सगळं यायचं, पण ते मला कुणी परक्या गावच्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसं वाटायचं. आता उतरवून काढताना एकेक गोष्ट डोक्यात शिरते आहे. मला आपलं वाटायचं की डोंगर म्हणजे जमिनीतून वर आलेलं काहीतरी. शरद लिहितो, तसं नाही. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला रस वाहिला. एक थर निवला की त्यावर दुसरा. सगळा माळवा त्याखाली गेला. तेव्हा जानापावच्या शेंड्याइतकी उंच जमीन सगळीकडे होती. मग पावसानं आणि ओढ्यांनी आजूबाजूचं नेलं. जे नेता आलं नाही, ते उरलं. आपण त्या उरलेल्याला डोंगर म्हणतो.

हे वाक्य उतरवल्यावर मी दौतीचं झाकण लावलं आणि थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिले.

आता जे लिहायचं ते लिहिते. चौथ्या प्रकरणात शरदनं एक वाक्य घातलं आहे: 'या डोंगराचा पहिला अभ्यास मी १९४१ साली केला होता, परंतु तेव्हाच्या सहकाऱ्याच्या अप्रामाणिकपणामुळे तो वाया गेला.' नाव नाही. पण आपल्या रामबागेत तिशीच्या पुढचा कोणीही माणूस ते नाव सांगेल. तुम्ही पायथ्यापासून शेंड्यापर्यंत छत्तीस ठिकाणचे दगड आणलेत, प्रत्येकावर तुमच्या अक्षरात नंबराची चिठ्ठी लावलीत, कुठला नंबर कुठे सापडला ते वहीत टिपलंत. मग शरदचे प्रोफेसर बाहेरगावाहून आले, स्वतः वर चढले, आणि वहीत लिहिलेल्या जागी तसला दगडच नाही असं निघालं. 'ज्यानं चिठ्ठ्या लिहिल्या त्यानं घरी बसून लिहिल्या,' असं ते म्हणाले. शरद गप्प राहिला. तुम्ही टोपी उचललीत आणि गेलात.

त्या पानावर मी आठ दिवस अडून बसले आहे. ते वाक्य छापलं जाऊ नये असं मला वाटतं.

एक विचारायचं होतं. तुमची वही शरदच्या ट्रंकेत अजून आहे. तेरा नंबरपुढे तुम्ही लिहिलंय, 'जोड सालईच्या मुळाशी'. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला मी वर जाऊन आले. जोड सालई कुठे दिसली नाही. ती कुठल्या अंगाला होती, आठवतं का? सहज विचारते आहे.

सुलोचना


इंदूर, २० डिसेंबर १९५३

रघुवीरजी,

तुमचं कार्ड मिळालं. 'नाल्याच्या डाव्या हाताला. झाड गेलं असेल तर बुंधा पाहा. र.' एवढंच. पण आलं तर खरं. मी ते पोळपाटाखाली ठेवलं आहे. तिथे शरदचा हात जात नाही.

बुंधा सापडला. दोन्ही झाडं कुणीतरी तोडून नेलीत, पण मुळं तशीच दगडाला धरून आहेत. आणि त्याच्या खाली, नाल्याच्या कापात, विटेसारखा लाल मातीचा पट्टा. मी हात लावला तर बोटं लाल झाली. एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत हजारो वर्षं मध्ये गेली, तेवढ्यात पावसानं वरच्या दगडाची माती केली, मग नव्या रसानं ती भाजून काढली. शरदच्या वहीतलं हे पान मी नोव्हेंबरात उतरवलं होतं. तिथे उभं राहिल्यावर मात्र मला आधी भट्टीच आठवली.

तुम्ही मनात म्हणत असाल, या बाईला डोंगरावर काय काम? खरं सांगते. मी आता दर दुसऱ्या रविवारी जाते. सकाळच्या मोटारीनं महू, तिथून मानपूरच्या मोटारीनं फाट्यापर्यंत, पुढे पायी. शरदला सांगते, महूला शारदाकडे जाते. शारदा माझी शाळेतली मैत्रीण, तिलाही तसंच सांगायला बजावलं आहे. या वयात असली खोटी कारणं सांगताना मला लाज वाटते आणि थोडी मजाही वाटते, हेही लिहून टाकते.

पायथ्याच्या गावातला उदयसिंह बरोबर असतो. आठवतो ना? तुमच्या वेळी मिशा काळ्या होत्या, आता पांढऱ्या आहेत. त्याची बायकोही चाऱ्याच्या निमित्तानं येते, त्यामुळे कुणाला बोलायला जागा नाही. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "बईसाब, वी लांबा बाबूजी अबे नी आवे कई?"

ते उंच बाबूजी आता येत नाहीत का, म्हणजे तुम्ही. म्हटलं, "ते लांब गेलेत."

"रिसाईने ग्या?"

रुसून गेले का, म्हणून विचारत होता. मी हो म्हटलं.

डोंगर मला पायथ्याशी वेगळा वाटतो आणि वर वेगळा. खाली साग आणि पळस, पानं इतकी सुकलेली की आपल्याच पावलांचा आवाज कुणाचा तरी पाठलाग वाटतो. मध्यावर सालई आणि धावडा. त्याच्या वर झाडं खुरटतात आणि गवत कमरेपर्यंत येतं. गवतातून एकदा नीलगाईंचा कळप उठला. मी जागीच बसले. उदयसिंह हसून म्हणाला, "अरे बईसाब, ये तो थारा से वत्ता डरे!" त्या माझ्याहून जास्त घाबरतात म्हणे. साळिंदराचे काटे वाटेत पडलेले असतात, तीन मी आणलेत, एकानं रेघा मारते. कुंडाच्या काठाशी चिखलात बिबट्याची पावलं होती, माझ्या तळहाताएवढी, कडा अजून ओल्या. आणि नाल्याच्या वळणावर तो पक्षी दिसला, पांढऱ्या लांब शेपटीचा. इथले लोक त्याला दूधराज म्हणतात. तो उडतो तेव्हा कुणीतरी फीत फेकल्यासारखं दिसतं. तुम्ही वहीच्या कडेला त्याचं चित्र काढलं आहे. चोच चुकली आहे, पण शेपटी बरोबर.

वर कुंडापाशी बसलं की दोन्ही बाजू दिसतात. उत्तरेला पडलेलं पाणी चंबळेत जातं, दक्षिणेला पडलेलं नर्मदेत. उदयसिंहाला विचारलं, मधोमध पडलेल्या थेंबानं काय करायचं? तो म्हणाला, "वो तो कुंड में रेगा, बईसाब. म्हाँकी भैंसां पी लेगा." कुंडात राहील आणि त्यांच्या म्हशी पितील म्हणे.

माझ्या पिशवीत डबा असतो आणि सात-आठ दगड असतात. तुम्ही आणलेल्या छत्तिसांपैकी. दर खेपेला काही नेते आणि परत आणते. का, ते आज लिहायला बसले होते. जमलं नाही.

तेरा नंबरच्या जागेबद्दल उपकार मानते.

सुलोचना


इंदूर, १७ जानेवारी १९५४

रघुवीरजी,

संक्रांतीची सुटी होती. शरद शंकररावांकडे गेला आहे. घर रिकामं आहे, आता कारण उरलं नाही.

चिठ्ठ्या मी बदलल्या.

एकेचाळीस सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. तुम्ही दोघं शेवटच्या फेरीला डोंगरावर होतात. मी घर झाडायला काढलं. दगड माजघरात फळीवर मांडलेले, त्यांच्यावर महिन्याची धूळ. तुम्ही बजावलं होतंत, "ताई, याला हात लावायचा नाही." पण घरातली कुठलीही वस्तू दिवाळीला धुतल्याशिवाय ठेवायची नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. मी ते घंगाळात टाकले, शिकेकाईचं उरलेलं पाणी होतं त्यात घासले आणि गच्चीवर चादरीवर वाळत घातले. किती छान दिसत होते! काळे तर नुकती न्हायलेली पोरं दिसावीत तसे. मग घंगाळात पाहिलं तर पाण्यावर चिठ्ठ्या तरंगत होत्या. तुम्ही त्या खळीनं चिकटवल्या होत्या.

मी मोजल्या. छत्तीस चिठ्ठ्या, छत्तीस दगड. एकही हरवली नव्हती, हे पाहून मला हायसं वाटलं. खरंच वाटलं! नवी खळ शिजवली आणि लावायला बसले. कुठली कुठे, हे कसं कळणार? मग मी विचार केला, डोंगर आहे, तर खाली काळे आणि जड असणार, वर लाल आणि हलके असणार, देवळाच्या शिखरासारखे. दगड रंगानं लावून घेतले, रांगोळीच्या रंगांच्या वाट्या मांडाव्यात तसे. काळ्यांना एक ते वीस. करड्यांना आणि छिद्रांच्या, पांढरे दाणे असलेल्यांना पुढचे. लाल चार होते. त्यांना तेहतीस ते छत्तीस. संध्याकाळपर्यंत फळी अशी सुरेख दिसत होती की मला वाटलं, तुम्ही आल्यावर म्हणाल, ताईंनी काय छान मांडलं.

तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तुमच्या लक्षातच आलं नाही. दगडांचं वर्णन शरदनं त्यानंतर, त्या नंबरांवरून लिहिलं. आणि प्रोफेसर शेंड्यावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, इथे लाल माती कुठे आहे?

ते ओट्यावर बोलत होते तेव्हा मी दाराच्या आत होते. दोन पावलं टाकली असती तरी पुरे होतं. नाही टाकली. कारण सांगते, माफीसाठी नाही. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, नोकरी नव्हती, भावाच्या घरात दोन वेळा जेवत होते. त्या घरातलं एकच मोठं काम मी धुऊन टाकलं, हे सांगितलं तर मी कुठे जाणार होते? असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्याच वर्षी मला नोकरी लागली. तेव्हाही सांगितलं नाही. मग तुमचा पत्ता नव्हता. मग उशीर झाला होता. कारणं बदलत गेली, मी गप्पच राहिले.

आता मी काय करते ते सांगते. वही बरोबर होती, नंबरांच्या जागा बरोबर होत्या. फक्त दगडांच्या अंगावरचे नंबर खोटे होते. म्हणून मी दगड डोंगराला परत दाखवते आहे. वहीत लिहिलेल्या जागी जाते, तिथल्या खडकाशेजारी पिशवीतला एकेक दगड धरते, ओला करून पाहते, भिंगातून पाहते. छिद्रात हिरवं लिंपण असलेले दोन दगड पायथ्याच्या ओढ्यातल्या थरातले निघाले. सुयांसारखे पांढरे खडे असलेला, कड्यावर मधमाश्यांची पोळी आहेत त्याच्या पायाशी जुळला. मी त्याला शेंड्याजवळ बसवला होता. लाल चारही चार वेगवेगळ्या उंचीवरचे. उदयसिंह डोकं हलवतो. "भाटा घरे ले जाय, फेर पाछा लावे! असो काम तो म्हने पेली बार देख्यो." दगड घरी नेऊन परत आणणारं माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिलं म्हणे.

एकतीस जुळले. पाच काळे उरलेत. ते इतके सारखे आहेत की मला सांगता येत नाही. त्यांच्यापुढे 'माहीत नाही' लिहिलं आहे. या वेळी रंगावरून लावणार नाही.

चौथं प्रकरण मी उतरवलं. ते वाक्य गाळून उतरवलं. शरदनं अजून वाचलेलं नाही.

तुम्ही काही लिहावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही.

सुलोचना


इंदूर, २१ फेब्रुवारी १९५४

रघुवीरजी,

'पत्र मिळालं. दोनदा वाचलं. शरदला माहीत आहे का? र.'

तुमच्या कार्डाला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले, कारण ते माझ्याकडे नव्हतं. तुम्ही शिवी दिली असतीत तर सोपं गेलं असतं. हा प्रश्न वाचल्यावर मला कळलं की मी तुम्हाला आधी लिहिलं ते तुम्ही दूर होतात म्हणून. जो समोर बसून पोहे खातो त्याला सांगायचं बाकी ठेवलं होतं.

परवा शुक्रवारी त्यानं चौथं प्रकरण वाचायला घेतलं. दुपारची वेळ, ओट्यावर ऊन. मी शेंगदाणे निवडत होते. तो पान डोळ्यापाशी धरून वाचतो, त्यामुळे चेहरा दिसत नाही.

"ताई, इथे एक वाक्य गळलंय."

"गळलं नाही. मी गाळलं."

"का?"

"खोटं आहे म्हणून."

त्यानं पान खाली केलं नाही. मी सगळं सांगितलं. घंगाळ, शिकेकाई, चादर, खळ, काळे खाली आणि लाल वर. महूला जाते म्हणून कुठे जाते तेही सांगितलं. सांगून झालं तेव्हा शेंगदाणे कुठले चांगले नि कुठले खवट, सगळे एक झाले होते.

मग तो म्हणाला, "मला माहीत आहे."

मला वाटलं, डोंगरावर जाण्याबद्दल बोलतोय. शारदा कधीही काही पोटात ठेवत नाही.

"नाही. चिठ्ठ्यांचं."

रघुवीरजी, त्याला माहीत होतं. प्रोफेसर गेले त्याच आठवड्यात त्यानं दगड खाली काढून पाहिले होते. चौदा नंबरची चिठ्ठी उलटी चिकटवलेली होती. "रघू मेला असता, पण चिठ्ठी उलटी लावली नसती," असं म्हणाला. शिवाय दगडांना शिकेकाईचा वास येत होता.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तोवर तो गेला होता."

"पत्र लिहिता येत होतं."

"आणि काय लिहिणार होतो? तुझं नाव घेणार होतो?"

"घ्यायचं. सुलोचना. सोपं नाव आहे."

"लोक काय म्हणाले असते? आधीच घरात विधवा बहीण, त्यात..."

"लोकांनी दगड मागितले होते का तुझ्याकडे?"

मी आयुष्यात त्याला असं बोलले नव्हते. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. बारा वर्षं मी त्याच्यापासून लपवत होते, तो मला सांभाळतो आहे असं समजून माझ्यापासून लपवत होता. आणि सगळा भार तुमच्या एकट्याच्या पाठीवर.

"ते एक वेळ समजू शकते," मी म्हटलं. "पण पुस्तकात का लिहिलंस? माहीत असून?"

यावर त्यानं पान खाली ठेवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं तसंच सांगत आलो ना, ताई. लिहिताना खरंच वाटलं."

हे तो खोटं बोलत नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मी दौत, टाक आणि उतरवलेली पानं त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, पुढचं प्रकरण मी उतरवणार नाही. आधी रघुवीरजींना तू लिही. तुझ्या हातानं. ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालेल.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. माहीत आहे, आणि मी सांगायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

या रविवारी मी वर गेले नाही. उदयसिंह फाट्यावर वाट पाहत बसला असेल. पळस फुलला असेल. इथून, गच्चीवरून, दक्षिणेला नुसती धुराची रेघ दिसते.

सुलोचना


इंदूर, ५ मार्च १९५४

रघुभिया,

तुमचं काही आलेलं नाही आणि मी त्याची आठवणही करून देत नाही. ही फक्त बातमी आहे. वेळेत पोचावी म्हणून लगेच टाकते.

शरद तुमच्याकडे यायला निघणार आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीनं. खंडवा, इटारसी, नागपूर, मग गोंदियाहून छोटी गाडी. गुरुवारी दुपारी बालाघाटला उतरेल.

झालं असं की दहा दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो. तो आपला चहा आपण करायचा आणि दर वेळी उतू घालवायचा. रोज पत्र लिहायला बसायचा. केरात मला तुकडे सापडायचे, मी जोडून वाचले नाहीत, पण एका तुकड्यावर 'प्रिय रघू' होतं आणि दुसऱ्यावर 'श्री. रघुवीर यांस'. तिसऱ्यावर डोंगराच्या थरांविषयी पानभर माहिती होती. तेवढं मात्र त्याला लिहिता येतं.

शंकररावांचा माणूस येऊन गेला. "काय भिया, पुस्तक देताय की डोंगर परत वाढायची वाट पाहताय?" म्हणून विचारत होता. शरदनं त्याला सांगितलं, चौथं प्रकरण नव्यानं लिहायचं आहे, थांबा. आत येऊन मला म्हणाला, "ताई, पत्रात नाही होत. जाऊन यावं म्हणतो."

मी म्हटलं, "ते तुला घरात घेतील असं नाही."

"नाही घेतलं तर?"

"तर बाहेरून सांग आणि ये."

मग मी त्याला तेही सांगितलं, की मी तुम्हाला सगळं लिहिलं आहे. चिठ्ठ्यांचं, आणि त्याला माहीत होतं तेही. आता मला काहीही झाकून ठेवायचं नाही. तो खुर्चीत मागे टेकला. त्याला वाटलं होतं, निदान हे तरी तो पहिल्यांदा सांगेल.

"मग माझ्याकडे सांगायला काय उरलं?"

"तेच. पण तुझ्या तोंडानं."

नव्या प्रकरणाचं पहिलं पान तो बरोबर आणतो आहे. त्यात १९४१ च्या अभ्यासाखाली दोन नावं आहेत, तुमचं आधी. दगडांच्या अदलाबदलीचं एक वाक्य आहे, आणि त्यात माझंही नाव आहे. मी ते घालायला लावलं. शाळेत कुजबूज होईल. होऊ दे. पाच दगडांपुढे 'जागा ठाऊक नाही' असं लिहिलं आहे, त्यावर त्यानं जरा कुरकुर केली. तुम्हाला त्यात काही खोडायचं असेल तर तिथेच खोडा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय शंकररावांकडे एक पान जाणार नाही. तुम्ही नको म्हटलं तर पुस्तकच नको, असं तोच म्हणाला, मी नाही.

मी येत नाही. माझं मी लिहिलं आहे. त्याच्या वाटणीचं बोलताना मी शेजारी असले, तर तो माझ्याकडे बघून बोलेल.

त्याला आता तिखट सोसत नाही. पायऱ्या असल्या तर आधी सांगा, संध्याकाळी त्याला कडा दिसत नाहीत. बाकी त्याला ठेवून घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी मला त्याचं कारण विचारायचं नाही.

एकच मागते. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. समोरचा माणूस अडखळायला लागला की तुम्हाला बघवत नाही, तुम्ही पटकन म्हणता, "असू दे, असू दे." तो अडखळेल. मधेच थांबेल, खाणीबद्दल काहीतरी विचारेल, दगडांवर घसरेल. आणि तुमच्या त्या 'असू दे'ची वाट पाहील. या वेळी लगेच म्हणू नका. पाणी द्या, बसू द्या, आणि त्याला शेवटपर्यंत बोलू द्या.

तुमची
सुलोचनाताई